भोकांचं कार्ड

फॉर्मवर एक चौकट आहे :
'संकल्पना, दोनशे शब्दांत.'
कालपासून मी तीत फक्त तारीख लिहिली आहे.

समितीला चार खांब हवेत.
काळे ग्रॅनाइटचे, चाळीस फुटी,
रात्री खालून दिवे, मधोमध कारंजं.
पाच्छापुरे साहेब म्हणाले, "चौघं फासावर गेले, मॅडम.
चार म्हणजे चार दिसायला पाहिजेत."
मी विचारलं, कारंज्याला पाणी?
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो,
पहाटे तीनला, तोही खोकत खोकत.
साहेब हसले.
पाण्याचा विषय निघाला की इथं सगळेच हसतात.

जागा बंद मिलची. छप्पर गेलंय, चिमणी आहे,
आणि मौलाली आहे, पहारेकरी,
ज्याला अजून कुणी सांगितलं नाही
की राखायचं नेमकं काय.
त्यानं विटांचा ढीग दाखवला.
"घ्या की. भाजणी बघा, टणक हाय."
एक वीट दुसरीवर वाजवली. घंटेसारखी वाजली.
मी दोन दिवस मोजत होते :
चोवीस हजार, फुटक्या धरून.

खांब नको. भिंत.
चुन्यातली, हातभर जाड, पश्चिमेला तोंड मिटलेली,
नैऋत्येला चाळणीसारखी,
म्हणजे चव्वेचाळीस अंशातही
आत कुणी बसून पेपर वाचू शकेल.
पण चाळणीला नक्षी कसली?
कमळ, चरखा, मूठ, सगळं काढून खोडलं.

मग साखर पेठेत अंबादास येमूल यांच्या मागावर गेले.
आमचं बोलणं तेलुगूत सुरू होतं, हिशेबाला मराठीत येतं.
डोक्यावर पुठ्ठ्यांची माळ फिरत होती,
खाली चादरीवर मोर उमटत होता.
"मोर पुठ्ठ्यावर नसतो बाई," ते म्हणाले,
"पुठ्ठ्यावर नुसती भोकं.
जिथं भोक, तिथं धागा उठतो.
जिथं काही नाही, तिथूनच सगळं दिसतं."

मी तिथंच, चादरीच्या गाठोड्यावर बसून
भिंत काढली.

आता अंगण उरलं.
अंगणात शिंदीची झाडं, मी म्हटलं,
कमी पाण्याची, इथल्याच मातीतली.
पाच्छापुरे ताडकन उठले : "शिंदी? स्मारकात?
अहो, तीस साली लोक कुऱ्हाडी घेऊन गेले ते
शिंदीच तोडायला!"
मला माहीत होतं. म्हणूनच तर.
त्या झाडांचा काय गुन्हा होता?
ताडीचा मक्ता सरकारचा, मुळं मात्र झाडाचीच.
येमूल म्हणाले, "माझा आजोबा गेला होता तोडायला.
रोज संध्याकाळी प्यायचा, तरी गेला.
परत आला तर हात सोललेले, आणि तोंड कोरडं.
आजी म्हणायची, महिनाभर चिडचिड्या होता."
कुठल्याच माहितीफलकावर
हा चिडचिडा माणूस नाही.
त्याला कुठं बसवू?

काल रात्री पुठ्ठ्याची प्रतिकृती कापताना
कटर घसरला, एक भोक जास्त पडलं.
येमूलांना दाखवलं. ते चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"मागावर असं झालं तर चिकटपट्टी लावतात.
नाहीतर एक धागा नको तिथं उठतो,
आणि उठला की थेट चादर संपेपर्यंत."

मी पट्टी शोधली. हातात घेऊन बसले.
साहेबाच्या पुठ्ठ्यात तरी कुठं भोक होतं
त्या मे महिन्यात?

सकाळी समोरच्या खिडकीतून ऊन आलं,
भिंतीतून टेबलावर उतरलं,
ठिपके ठिपके, माझ्या मनगटापर्यंत,
आणि एक ठिपका, रांगेबाहेर, फॉर्मच्या चौकटीत.

दोनशे शब्द अजून व्हायचेत.
आज पाचवा दिवस. नळाला पाणी आलंय.
शिंदीच्या चार रोपांना एक-एक तांब्या घालून येते,
पाचव्यालाही. मौलालीनं कुठूनसं आणलंय ते,
डांबराच्या डब्यात लावून.